मार्कसच्या बोटावरची शाई

मंडळी, आज हर्नडनमध्ये केस कापायला गेलो, तर माझा न्हावी मार्कस अक्षरशः नाचत होता.

जुन्या गुन्ह्याची शिक्षा त्याची कधीच भोगून झाली. पण आमच्या व्हर्जिनियात गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली की मताचा हक्क जातो, आणि तो आपोआप परत मिळत नाही. यंदा गव्हर्नरने दिला, आणि आज सकाळी पठ्ठ्या मत देऊन आला.

छातीवरचं 'मी मत दिलं'चं स्टिकर सगळ्यांना दाखवत होता. मी म्हटलं, "आमच्या पुण्यात स्टिकर नसतं. बोटाला शाई लावतात, लवकर जात नाही."

त्याने हेअर डायचा ब्रश माझ्या हातात दिला आणि बोट पुढे केलं. लावली, यार. अख्ख्या दुकानाने टाळ्या वाजवल्या.

मग म्हणाला, "तुला शेवटची कधी लागली?"

आठवेना. तुम्हाला आठवतंय?