पहिल्या होकारावर न विसंबणाऱ्या शैलजाताई

शैलजाताईंची आणि माझी पहिली भेट तेरखेड्यात, फटाक्यांच्या एका कारखान्याच्या कचेरीत झाली. कारखान्याला संगणक-प्रणाली हवी होती. तिच्यात नेमके काय असावे, हे मालकांशी बोलून ठरवण्याचे काम आमच्या कंपनीत ताईंकडे होते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, हिशेबाच्या बाजूसाठी सोबत होतो. आज ताई साठ वर्षांच्या होत आहेत. गौरवग्रंथात गोडच लिहावे असा संकेत आहे. मला तो पाळता येत नाही.

कारण याच कामावरून त्यांची नोकरी जाण्याची वेळ आली होती. मुख्य कार्यालयाने कारखान्याचे मालक बसवअप्पा यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलणे आधीच उरकले होते. "माल बनला की दुसऱ्या दिवशी संगणकावर विक्रीला उपलब्ध दिसेल. चालेल ना?" अप्पा म्हणाले, "व्हय." ताईंनी आता प्रणालीच्या मसुद्यावर केवळ सही करायची होती.

त्यांनी ती केली नाही. समोरच्याला तोंडावर नकार देण्याची आपल्याकडे रीत नाही, हे कार्यालयातील प्रत्येकाला ठाऊक होते. कामाच्या वेळी मात्र ते एकालाही आठवले नाही. चहा झाल्यावर ताईंनी विचारले, "अप्पा, मागच्या आठवड्यात आभाळ आलं होतं. त्या दिवशी काय केलंत?"

"काय करणार ताई? माल वाळायला पसरलेला तसाच. हाताला कोरडा लागल्याबिगर आमी पेटीत घालत न्हाय. मग चार दिवस लागू द्या."

"मग दुसऱ्या दिवशी चालेल का, याला व्हय कशाला म्हणालात?"

अप्पा हसले. "साहेब लई हौसेनं सांगत होते. त्यांचं मन कशाला मोडायचं?"

परतल्यावर वरिष्ठांनी ताईंना सर्वांसमोर सुनावले, "ग्राहक हो म्हणतो आणि तुम्ही अडवता? गप्पा मारायचा पगार देतो का आम्ही? सही करा, नाहीतर राजीनामा द्या."

"अप्पांना इथूनच फोन लावा," ताई म्हणाल्या. "चालेल का, असं विचारू नका. आभाळ आल्यावर काय करता, एवढंच विचारा."

फोन लागला, अप्पांनी तेच सांगितले, मसुदा बदलला. दिलगिरीचा एक शब्दही कोणी उच्चारला नाही. त्याच मंडळींनी आज नव्या सहकाऱ्यांना ग्राहकाच्या जागेवर पाठवणे बंद केले आहे, आणि सत्काराच्या व्यासपीठावर हार घेऊन तीच पुढे उभी राहणार आहेत. ताईंची पद्धत मोडायची आणि ताईंना शाल पांघरायची, हा गौरव नव्हे.

माझे वडील आजारी असताना सारे विचारत, "बरे आहेत ना?" मी हो म्हणत असे. ताईंनी विचारले, "काल रात्री त्यांच्याजवळ कोण जागलं?" दुसऱ्या दिवसापासून माझे सास्तूर गावच्या ग्राहकाकडचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले.

हा लेख मी त्यांना आधी वाचायला दिला. "छान झालाय," त्या म्हणाल्या. मी त्यांच्याच हाताखाली शिकलेलो. विचारले, "ताई, वाचताना थांबलात कुठं?"

"तुम्ही चिडलात तिथं." मग म्हणाल्या, "ते काढू नका."

काढलेले नाही. ताईंना निरोगी दीर्घायुष्य लाभो, आणि व्यासपीठावरून आम्ही देऊ त्या प्रत्येक होकाराला त्यांनी पुढचा प्रश्न विचारत राहावे.