धरणावरची मगर आणि सुमनचं डोकं

समस्त सोयऱ्यांना आणि गावकऱ्यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझ्या बायकोच्या डोकेदुखीचं कारण मी नाही. वसमतच्या डॉक्टरांनी केसपेपरवर तसं लिहून दिलं आहे: कार्बन मोनॉक्साइड पॉयझनिंग. म्हणजे धुरातल्या विषारी वायूची बाधा.

तो कागद मी घेतला तेव्हा सुमन समोरच्या पलंगावर निपचित पडली होती.

आमचं गाव हट्ट्याजवळ. डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळून तीन दिवस झाले होते. मेहुणा विलास माझ्या सासरची माणसं घेऊन जेवायला येणार होता, म्हणून मी मंडपवाल्या मित्राचा छोटा जनरेटर आणला. आधी तो अंगणातच होता. पण मी सिद्धेश्वरच्या धरणावर पाहिलेल्या मगरीची गोष्ट सुरू केली, आणि त्याच्या फटफटाटात मलाच माझा आवाज ऐकू येईना. ही मगर दरवर्षी हातभर वाढते. तिला शांतता लागते.

मी जनरेटर स्वयंपाकघरामागच्या कोठीत नेला आणि कोठीचं बाहेरचं दार लावून घेतलं. स्वयंपाकघराकडचं दार उघडंच होतं. कोठीची खिडकीही उघडी होती. तेवढी पुरेल असं वाटलं. आम्ही ओसरीवर मोकळ्या हवेत, आणि सुमन आत पोळ्या लाटत होती.

थोड्या वेळानं ती दारात आली. "माझं डोकं दुखून राहिलंय."

विलास म्हणाला, "अक्का, दाजीची मगर आत्ता कुठं पाण्याबाहेर आली."

सगळे हसले. तीही हसली. मी बोलायला लागलो की सुमनचं डोकं दुखतं, हा आमच्या घरातला पंचवीस वर्षांचा विनोद आहे. त्या दिवशी तो विनोद नव्हता, हे कुणाला कळलं नाही.

ती पुन्हा आली. "मळमळ करायलंय. पायात जीव न्हाई."

"आत जाऊन जरा पड," मी म्हणालो. आत. हा शब्द मला अजून झोपू देत नाही.

मगरीनं बैलाचा पाय धरला तेव्हा मी पाणी मागितलं. आतून उत्तर आलं नाही. विलास बघायला गेला आणि ओरडला, "दाजी, अक्का उठंना."

आम्ही तिला उचलून अंगणात आणलं. जनरेटर बंद करायला मी कोठीत शिरलो, तर माझंही डोकं गरगरलं. शेजाऱ्याच्या जीपमधून आम्ही वसमत गाठलं.

दवाखान्यात तिच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला. ऑक्सिजन मोजणाऱ्या त्या चिमट्यानं अठ्ठ्याण्णव दाखवलं. मला हायसं वाटलं. डॉक्टरांना वाटलं नाही. त्यांनी विचारलं, "घरात काय जळत होतं? शेगडी? जनरेटर?"

 विलासनं कोठीतल्या जनरेटरचं सांगितलं.

"या वायूला वास नाही, रंग नाही," डॉक्टर म्हणाले. "ऑक्सिजनची जागा तो रक्तात बळकावतो आणि लवकर सोडत नाही. हा चिमटा त्याला ऑक्सिजनच समजतो. खिडकी उघडी असली तरी उपयोग नसतो." कार्बॉक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे रक्तात किती वायू चिकटला आहे ते पाहायला, त्यांनी नमुना नांदेडला पाठवला. पण अहवालाची वाट न बघता घट्ट मास्क लावून ऑक्सिजन सुरू केला. या वायूचा परिणाम मेंदूवर उशिरानंही दिसतो, पुढचे काही आठवडे विसरभोळेपणावर लक्ष ठेवा, असंही बजावलं. त्या डॉक्टरांचे उपकार कसे फेडावेत, मला कळत नाही.

वाचकहो, तुमच्याही गावातली डीपी जळणार आहे. जनरेटर घराबाहेर, दारंखिडक्यांपासून वीस पावलं लांब ठेवा, धुराचं तोंड घराकडे नको. ओसरी, गोठा, कोठी, कुठंही नको. पेट्रोल भरायचं तर आधी बंद करून थंड होऊ द्या. आणि तो चालू असताना घरात कुणाचं डोकं दुखलं, तर हसू नका. त्या माणसाला आधी बाहेर काढा.

बाकावर बसून मी सुमनचा हात धरला होता. दुपार सरली. आयुष्यात पहिल्यांदा इतका वेळ माझ्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. नर्स दोनदा माझ्याकडे बघून गेली.

उन्हं कलताना सुमनची बोटं हलली. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि मास्क बाजूला ओढून सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली,

"एवढे गप काहून बसलात? मेले का काय मी?"