तिरकी घोडी

रांजणगावच्या कंपनीत माझं काम माप तपासायचं. ड्रॉइंगपेक्षा केसभर इकडंतिकडं झालं की माल रिजेक्ट. घरी गिटार बनवतानाही तीच खोड. तारा ज्यावर टेकतात ती घोडी मी अगदी मापात, काटकोनात चिकटवली. व्हर्नियर लावून दोनदा बघितली. माझ्या कामात चूक? हॅट!

लाकूड वडिलांचं. बांधावरच्या शिसवाच्या फळ्या त्यांनी देव्हाऱ्यासाठी राखल्या होत्या. मी भांडून घेतल्या. देताना आप्पा म्हणाले, "सुरात वाजली तर तुझी. न्हाईतर फोडून देव्हाऱ्याला लावीन."

आप्पा वडगाव रासाईच्या भजनात पेटी वाजवतात. त्यांनी पेटीवर पांढरी तीन दाबली, मी जाडी तार तिला जुळवली. मग तीच तार दांडीवरच्या बाराव्या घरात दाबून छेडली. तिथं तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. आप्पांनी तोंड वाकडं केलं.

"चढा लागतोय."

"आप्पा, मापात आहे!"

"माप गातंय व्हय रं?"

अशी तिडीक गेली डोक्यात! दोन दिवस गिटारला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं कारण शोधलं. दाबली की तार ताणली जाते, सूर चढतो. म्हणून घोडी जरा मागं सरकवायची, जाड तारांकडं जास्त, म्हणजे तिरकी. आणि आम्हा मापवाल्यांचे हात तर तिरकं दिसलं की सरळ करायला शिवशिवतात.

गिटारच टाकून दे, दुसरी कर, असं जो तो सांगत होता. का टाकू? माती मी खाल्ली, निस्तरणार मीच. घोडीवर गरम इस्त्री ठेवली, डिंक सुटल्यावर खालून उलथनं सारलं. बायको ओरडली, "आता चपाती काय हातानं उलथू?" तेवढ्यात कर्रकन आवाज झाला. घोडीबरोबर वरच्या फळीचा नखाएवढा टवका निघाला. टवका परत चिकटवला, एक दिवस दाबून ठेवला, मग घोडी तिरकी बसवली. ती मागं सरकल्यानं पुढं वण उघडा राहिला. पॉलिशनं झाकला नाही, मुद्दाम.

आप्पांनी पुन्हा पांढरी तीन दाबली. मी बाराव्या घरात तार छेडली. त्यांनी डोळे मिटले.

"परत."

चार वेळा वाजवायला लावली. मग त्यांचा अंगठा वणावर थांबला.

"ह्ये काय?"

"चूक. माझी."

"झाकली न्हाईस?"

"का झाकू?"

त्यांनी पेटीचा भाता मिटला. मग उठता उठता म्हणाले, "देव्हारा सागाचा करू."