पहिल्या पानापासून

माझी मुलगी आठ वर्षांची. तिला फिट येतात. पहिली आली तेव्हा हॉस्पिटलात डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, काय काय समजावलं पण भरभर, आणि माझं काळीज इतकं धडधडत होतं की मी नुसती हो हो म्हणत राहिले. घरी आल्यावर बघते तर मला काहीच आठवेना. म्हणून परळच्या वाचनालयातून फिटवरचं एक जाडं मराठी पुस्तक आणलं. मी नववी नापास.

सासूबाई म्हणाल्या, "वाचतंस तर सगळा वाच गो, मधला सोडू नको." त्या दरवर्षी सात दिवसांत पोथी वाचतात, एक ओळ गाळत नाहीत. वाचायचं म्हणजे मलाही तेवढंच ठाऊक. मीपण अंघोळ करून बसायचे, ओळीवर बोट ठेवून. प्रस्तावना, मग आभार, मग मेंदूचे भाग. डोक्यात काही शिरायचं नाही, पण पान उलटलं की वाटायचं, पोर तेवढी बरी झाली.

चौथ्या दिवशी मी बावन्नाव्या पानावर होते. ती बाजूलाच चित्र रंगवत होती, हातातला खडू पडला, मान वळली. मी पुस्तक टाकून धावले, स्टीलचा चमचा आणला, जीभ चावेल म्हणून दातांत घातला, आमच्याकडे सगळे घालतात तसा. जोरात घातला. पुढचा दात अर्धा तुटला. दुधाचा नव्हता.

पुस्तक परत द्यायला गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, "झालंपण वाचून? फास्ट आहात."

मी रडायलाच लागले. सगळं सांगितलं. त्यांनी पुस्तक मागून उघडलं. "अहो, ही काय गोष्ट आहे का सुरुवातीपासून वाचायला? मागे यादी असते बघा. आपल्याला काय पाहिजे ते शोधायचं, तेवढं पान आधी वाचायचं. बाकीचं मग सावकाश."

झटका आल्यास काय करावं, पान एकशे शहाऐंशी. सहा ओळी होत्या. कुशीवर वळवा. तोंडात काहीही घालू नका. तिथेच उभ्या उभ्या वाचून झालं. मग मी यादीत 'दात' शोधलं. होतं. पान तेच.

ती आता हसताना तोंडावर हात धरते. शाळेत कोणी विचारलं तर सांगते, जिन्यावरून पडले. मी तिला असं सांग म्हटलेलं नाही.