सिबिरीचं गाढव आणि तोएच्या शिव्या

सिबिरी तापसोबाचा समुद्रावर राग होता. समुद्र त्यानं एकदाच पाहिला, तरुणपणी, शेजारच्या देशात, आबिजानला. कोकोच्या मळ्यात राबून झाल्यावर घरी परतायच्या आधी तो मुद्दाम बंदरावर गेला आणि जहाजांतून गोण्या उतरताना बघत उभा राहिला. तेव्हा त्याचं जे मत बनलं ते कायमचं. आपल्या देशाला किनारा नाही, म्हणजे मीठ, तांदूळ, सिमेंट, सगळं दुसऱ्याच्या दारात उतरणार, दुसऱ्याच्या रस्त्यानं येणार, आणि वाटेत ज्याचा हात लागेल तो मूठभर काढून घेणार. आपल्यापर्यंत येतं ते उरलेलं.

तुगान फाट्यावर ट्रक रिकामा व्हायला लागला की तो आपली गाढवाची गाडी लावायचा, पण गोणी गाडीत घेण्याआधी थोपटून बघायचा, शिवण चाचपायचा, नाक लावून वास घ्यायचा.

"लोमेच्या बंदरातून निघालं तेव्हा हे पोतं असं हडकुळं नव्हतं," तो म्हणायचा.

"तू होतास का रे लोमेला, म्हातारबा?" ड्रायव्हर वैतागायचा.

"नव्हतो. म्हणून तर म्हणतोय."

माल त्याचा नव्हता, दुकानदाराचा होता. तरी त्याला चैन पडत नसे. सरकारचंही तेच. रेडिओवर गाणी थांबून बँड वाजायला लागला की सरकार बदललं, एवढं त्याला आयुष्यात बरेचदा कळलं होतं. पालिकेच्या कचेरीतला फोटो बदले, खुर्ची तीच राही. पालिकेची काही सूचना रेडिओवर लागली की तो कान पिळून रेडिओ बंद करायचा. "पैसे उकळायचा नवा धंदा असणार," म्हणायचा, आणि बायको लाले म्हणायची, "ऐकून तरी घ्या." तो ऐकत नसे. मला विचाराल तर असा माणूस शेजारी असावा, घरात नसावा. लालेनं त्याच्याशी कसा संसार केला, तिचं तिलाच ठाऊक.

असा हा संशयी माणूस जगात एकाच माणसापुढे गप्प बसायचा. तो म्हणजे फाट्यावरचा तोए.

तोए बकऱ्याचं मटण जाळीवर भाजून विकायचा. सिबिरी मोसी जमातीचा, तोए सामो जमातीचा. मोसी आणि सामो यांचं थट्टेचं नातं आहे, पणजोबांच्याही आधीपासूनचं. सामोला कुत्रेखाऊ म्हणायचं, मोसीला गाढवाचा भाऊ, एकमेकांना वाटेल ते बोलायचं आणि ऐकणाऱ्यानं रागवायचं नाही. रागावला तर नाचक्की त्याचीच. अदबीनं बोलायचं ते परक्यांशी. भांडण मिटवायचं असो, नाहीतर कुणाला खरं सुनवायचं असो, लोक थट्टेच्या नात्यातला माणूस शोधून आणतात, कारण त्याला नाही म्हणता येत नाही.

सकाळी गाडी दिसली की तोए जाळीमागून उठून उभा राहायचा आणि आधी गाढवाला मुजरा करायचा.

"या, दादा, या! आणि मागून कोण येतंय? नोकर ठेवला वाटतं नवीन?"

"काय रे कुत्रेखाऊ," सिबिरी गाडीवरूनच ओरडायचा, "आज कुणाच्या दारातलं भुंकणं बंद झालं?"

"कुत्रं संपलं. आता तुझ्या दादाची पाळी. एक दिवस ह्याच जाळीवर घेतो बघ त्याला, आणि तूच बोटं चाटत खाशील."

रोज हेच. सिबिरीची आई गेली तेव्हा तर तोएनं कहर केला. तिचं लुगडं कमरेला गुंडाळून, तिच्यासारखा खोकत तो कबरीच्या खड्ड्याशी आडवा पडला, आणि "कोंबडी दिल्याशिवाय मी आत जायची नाही, हा सिबिरी चिक्कू आहे, मला ठाऊकाय," असं हुबेहूब म्हातारीच्या आवाजात म्हणाला. सिबिरी रडता रडता इतका हसला की त्याला धरून बसवावं लागलं. त्या दिवशी तोए नसता तर आपण उभे राहिलो नसतो, हे तो स्वतःशी कबूल करायचा. तोएपाशी कधी बोलला नाही. तसं बोलायची रीतच नाही.

मग एका सकाळी गाढव जागेवर नव्हतं. उत्तरेकडून धुळीचं वारं सुटलं होतं, शेजारचं घरही धड दिसत नव्हतं. खुंटाला दोर तेवढा लोंबत होता. सिबिरीनं टोक डोळ्यांजवळ नेलं.

"कापलाय," तो म्हणाला.

लालेनं दोर हातात घेतला. "झिजलाय. किती दिवस म्हणतेय, बदला."

"कापलाय."

गाढव नाही म्हणजे गाडी नाही, गाडी नाही म्हणजे चूल नाही. फाट्यावर आता तीनचाकी मोटारगाड्या आल्या होत्या, त्या चालवणारी पोरं गिऱ्हाईक पळवायला टपलेलीच होती. पुन्हा कोको तोडायला जायचं वय राहिलं नव्हतं. नवं गाढव घेणं तर स्वप्नात. सरकारनं गाढवाची कातडी देशाबाहेर न्यायला बंदी घातली होती, पण चोरून घेणारे फिरतच होते, आणि साध्या हडकुळ्या गाढवाचेही भाव चढले होते. बरं, दिवसही असे, की उत्तरेकडच्या हल्ल्यांतून पळालेली माणसं गाठोडी घेऊन येत होती आणि फाट्यावर जो तो दुसऱ्याकडे वाकड्या नजरेनं बघत होता.

सिबिरी चालतच फाट्यावर गेला.

"आज नोकर एकटाच?" तोए ओरडला. "दादा कुठेत?"

"ते तूच सांग."

"खाल्ला की!" तोएनं पोटावर हात फिरवला. "काल संध्याकाळी. शेपटी ठेवलीय तुझ्यासाठी, भिंतीला टांग, आठवण राहील."

बाकांवरची माणसं खो खो हसली. तोएनं कागदात मटणाचे तुकडे बांधून त्याच्या हातात कोंबले. "घे, घे. घरचंच आहे."

सिबिरी कोपऱ्यापर्यंत गेला, कागद उघडला आणि वास घेतला. धुराचा वास, मिरचीचा वास, आणि खाली आणखी कसला तरी. त्याला तुकडा तोंडात घालवेना. त्यानं तो रस्त्यावरच्या कुत्र्याला टाकला. कुत्र्यानं खाल्ला. पण त्यानं काय सिद्ध होतं, कुत्रं काहीही खातं.

त्या क्षणापासून त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली ती थांबेना. तोएच्या छपरावर नवा पत्रा आला होता, तो कुठून? मागच्या बाजारच्या दिवशी एक अनोळखी पिकअप त्याच्या दुकानापाशी उभी होती. ती खायलाच थांबली होती कशावरून? सुरा नुकताच परजलेला. आणि फुकट मटण का दिलं? वीस वर्षांत तोएनं त्याला अनेकदा फुकट खाऊ घातलं होतं, पण आता ते आठवायची त्याची तयारी नव्हती. इथंच पाणी मुरतंय, त्यानं ठरवलं. एरवी चोर लपतो. हा बाजारात उभा राहून 'मी खाल्ला' म्हणतो आणि सगळे हसतात. याहून चांगली लपायची जागा कुठली?

तो मोहल्ल्याच्या नाबांकडे, म्हणजे मुखियांकडे गेला. त्यांच्या अंगणात डोक्यावरची टोपी काढून खाली बसला.

"तोएनं माझं गाढव खाल्लं."

नाबांनी गंभीर चेहरा केला. "कबूल केलं त्यानं?"

"सगळ्यांसमोर."

"मग दंड झालाच पाहिजे. एक कोंबडी. आणि शेपटी वाटून घ्या दोघं." एवढं म्हणून नाबांना हसू आवरेना. ते मांडीवर थाप मारत राहिले. "नाबा, मी खरंच बोलतोय," असं सिबिरी म्हणाला, तेव्हा तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "वा! चेहरा बघा याचा! तोएला सांगितलं पाहिजे!"

सिबिरीच्या अंगाचा तिळपापड झाला. इतर कुणावर आळ घेतला असता तर दहा माणसं जमली असती. तोएबद्दल तो जितकं खरं बोले तितकी ती थट्टा ठरत होती. घरी लालेनं साग्बो, म्हणजे ज्वारीची घट्ट उकड, आणि भेंडीचं कालवण पुढे ठेवलं, ते तसंच गार झालं.

"तोए असं करणार नाही," लाले म्हणाली.

"सगळे तेच म्हणतात. म्हणूनच करू शकतो."

दुसऱ्या दिवशी पालिकेच्या मातीच्या भिंतीला वळसा घालून तो पलीकडच्या पोलीस ठाण्यात गेला. तिथे एक नवा अधिकारी होता, पार पूर्वेकडच्या फादाहून आलेला. फाट्यावरच्या माणसांची त्याला ओळख नव्हती. सिबिरीनं ही माहिती आधीच काढून ठेवली होती.

"कुणावर संशय?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"फाट्यावर मटण भाजणारा एक जण आहे."

"नाव?"

सिबिरीनं मनात हिशोब केला. आडनाव सांगितलं की हा माणूसही हसणार. तोए म्हणजे सामो आणि तापसोबा म्हणजे मोसी, एवढं ऐकलं की देशात कुणालाही पुढचं सांगावं लागत नाही.

"नाव माहीत नाही," तो म्हणाला.

म्हणताच ते मागे घ्यावंसं त्याला वाटलं. पण शब्द गेला होता. सिबिरीनं कातडीच्या चोरट्या धंद्याचं नाव काढलं तशी अधिकाऱ्यानं मान डोलावली आणि दोन शिपाई बरोबर दिले.

दुपारची वेळ, बाक भरलेले. शिपायांनी छपरामागची खोली उघडायला लावली, टोपल्या उपसल्या, हाडं टाकायचा खड्डा काठीनं उकरला. तोए आधी बावचळला, मग शिपायांमागे उभा असलेला सिबिरी त्याला दिसला, आणि त्याचा चेहरा फुलला.

"अरे माझ्या बापा!" तो टाळ्या पिटत म्हणाला. "बघा रे बघा! गाढवाच्या भावानं सरकार आणलं! मानलं लेका तुला, मानलं! इतक्या वर्षांत अशी थट्टा कुणी केली नव्हती!" तो बाकावरच्या लोकांना हलवून हलवून सांगत होता. "बसा हो साहेब, बसा, आज सगळ्यांना माझ्याकडून!"

खड्ड्यात बकऱ्यांची हाडं निघाली. एक शिपाई काठी टेकवून म्हणाला, "तुझं नाव काय?"

"तोए! आणि हा तापसोबा, माझा गुलाम!"

शिपाई सिबिरीकडे वळला. "म्हातारबा, हा सामो आहे होय? मग ठाण्यात का म्हणालास, नाव माहीत नाही म्हणून?"

"नाव माहीत नाही म्हणाला?" तोए अजून हसतच होता. "माझं?"

त्यानं सिबिरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हसू येईल म्हणून वाट पाहिली. सिबिरी त्या खड्ड्याकडे बघत होता, अजूनही, हाडं मोजल्यासारखा. तोएचा हात हवेतच राहिला. मग तो वळला, जाळीपाशी जाऊन बसला आणि निखारे सारखे करू लागला. शिपाई निघून गेले. बाकांवरचे लोक खाली मान घालून खात राहिले.

गाढव त्याच संध्याकाळी सापडलं. लालेला विहिरीवर कुणीतरी सांगितलं, पालिकेनं मोकाट जनावरांसाठी कोंडवाडा काढलाय, रेडिओवर ओरडून ओरडून सांगत होते. सिबिरी पळत गेला. पालिकेच्या त्याच मातीच्या भिंतीमागे, ज्या भिंतीला वळसा घालून तो ठाण्यात गेला होता, गाढव दोन बकऱ्यांच्या शेजारी उभं राहून गवत खात होतं. गळ्याला तुटक्या दोराचा झिजलेला तुकडा होता. कारकुनानं दंड घेतला. सिबिरीनं घासाघीस केली नाही, त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच. त्यानं गाढवाच्या मानेला मिठी मारली आणि त्याला आनंद झाला, खरंच झाला, पण तो रस्त्यापर्यंतच टिकला.

सकाळी तो गाडी घेऊन थेट फाट्यावर गेला. रात्रभर त्यानं मनात जुळवाजुळव केली होती. आपणच आधी शिवी द्यायची, सगळ्यात घाण, म्हणजे तो दुप्पट देईल आणि विषय संपेल.

"ए कुत्रेखाऊ!" तो दुरूनच ओरडला. "माझं गाढव ओकून टाकलंस होय? तुझ्या पोटात त्यालाही राहवलं नाही!"

तोए उठून उभा राहिला. त्यानं हात पुसले.

"या, तापसोबा," तो म्हणाला. "गाढव सापडलं ऐकलं. बरं झालं. घरी सगळे ठीक?"

"सामोच्या पोरा, कुत्र्याचं डोकं कुणी खाल्लं आज?"

"बसा ना. उन्हात उभे राहू नका." त्यानं बाकावरची धूळ फडक्यानं झटकली.

बाकावर दोघेतिघे होते. त्यातला एक जण आपलं खाणं उचलून पलीकडे जाऊन बसला. सिबिरीनं आणखी एक शिवी काढली, मग आणखी एक, आणि आपला आवाज चिरकतोय हे त्यालाच ऐकू आलं. "बोल की रे!" तो शेवटी म्हणाला. "काहीतरी बोल! मी चुकलो, मला जोड्यानं मार, पण असं नको बोलू!"

तोएनं मटण मापलं, कागदात नीट बांधलं, आणि पाहुण्याला देतात तसं दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं.

"तुमचा काही दोष नाही," तो म्हणाला. "दिवसच असे आहेत. माणसानं सावध असावं."

सिबिरी घरी आला तेव्हा लाले अंगणात ज्वारी कांडत होती. तिनं गाढव पाहिलं, कागदाचं पुडकं पाहिलं, आणि हसून विचारलं, "दिल्या ना मग तोएनं भरपूर शिव्या?"

"नाही."

"एक पण नाही?"

"'बसा ना, उन्हात उभे राहू नका' म्हणाला."

लालेनं मुसळ उखळाला टेकवून ठेवलं. ती तिथेच मातीत बसली आणि रडायला लागली.