नजाहच्या हातची वेळ

नजाहला रेडिओतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. चाळीस वर्षं दर शुक्रवारी नमाज आणि जेवण आटोपलं की नवरा अव्वाद माडीवर जाऊन रेडिओवर मोर्सच्या संकेतांची टकटक करायचा आणि ती खाली बायकांच्या अंगरख्यांवर कशिदा काढत बसायची. त्या छंदाशी तिचा संबंध एवढाच. पण गेले सात महिने वरून टकटक आली नव्हती, आणि ती शांतता बाईला खायला उठत होती.

अव्वादच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. मोर्समध्ये माणसाची ओळख हातावरूनच पटते. तिथे ना चेहरा, ना आवाज. ओमानच्या सूर गावातल्या खलफानला त्याने जन्मात पाहिलं नव्हतं, पण त्या खलफाननं एकदा कळवलं होतं, "तुझ्याइतका स्वच्छ हात अख्ख्या अरबस्तानात नाही." हे वाक्य अव्वादनं बायकोला निदान दोनशे वेळा ऐकवलं असेल. आता तोच हात कॉफीची वाटी सांडल्याशिवाय उचलू शकत नव्हता. हे खलफानला सांगायचं कसं? त्यापेक्षा त्यानं फोनवर सरळ थाप मारली, वाऱ्यानं अँटेना पडली म्हणून.

"सात महिने पडलेलीच?" नजाह म्हणायची. "अहो अबू माजिद, तेवढ्यात आपल्या माजिदची पोरगी रांगायला लागली!"

एक वाट उरली होती. मजकूर टाइप करायचा, कॉम्प्युटरच तो रेडिओवरून पाठवतो. एकानं पंधरा सेकंद बोलायचं, मग दुसऱ्यानं पंधरा सेकंद; एका पाळीत जेमतेम तेरा अक्षरं मावतात. मात्र दोन्हीकडची घड्याळं जुळायला हवीत. सेकंदभर इकडेतिकडे चालतं, तीन सेकंद चुकले की समोरच्याला नुसती खरखर. अजलूनच्या डोंगरात त्यांचं घर इतकं वर, की फोनचं नेटवर्क गच्चीवर टाकीच्या कोपऱ्यातच काय ते सापडायचं. लॅपटॉपचं घड्याळ तर दर आठवड्याला भरकटायचं. उपग्रहावरून अचूक वेळ घेणारं तयार यंत्र मिळतं, पण साठ दिनारला.

"साठ?" अव्वाद कडाडला. "आकाश वेळ फुकट वाटतंय आणि हे त्याचे साठ मागतात! मी करतो. आठ दिनारांत. यूएसबीत खुपसलं की झालं."

त्यानं मोडीत निघालेल्या डिलिव्हरी गाडीतली, उपग्रह ऐकणारी चिप मिळवली. तिचं बोलणं लॅपटॉपला समजावणारी दुसरी चिप आणली. अँटेनाखाली ठेवायला सार्डिन मासळीच्या डब्याचं झाकण घासून ठेवलं, आणि सगळं जोडायला भोकाभोकांची पाटी घेतली. चिपची आठवण जपणारी एक छोटी बॅटरीही लागते, पण दीड दिनार वाचवायला ती त्यानं गाळली. जोडणीचा नकाशा काढायला बसला, तर रेघा नागमोडी. सोल्डरचा थेंब तर भलतीकडेच पडला. त्यानं सोल्डरिंगची गरम सळई भिंतीवर फेकली आणि तोंड फिरवून बसला. त्याचे डोळे भरले होते, हे नजाहनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

तिनं आपला कशिद्याचा चौकटीचा कागद आणला. "सांगा, कुठून कुठे जायचंय?"

"तुला काय कळणार त्यातलं?"

"पाटीला भोकं आहेत, भोकं मोजायची आहेत. मी जन्मभर दुसरं काय केलं?"

तो सांगत गेला, ती फुल्या मारत गेली. वीजवाहक तारेसाठी लाल, अर्थिंगच्या तारेसाठी काळी, आणि दर सेकंदाला टिचकी देणाऱ्या तारेसाठी हिरवी. मग भिंगाखाली श्वास रोखून तिनं एकेक सांधा जोडला. अव्वाद शेजारी बसून सूचनांचा भडिमार करत होता. "गप्प बसा," ती म्हणाली, "नाहीतर ही सळई तुमच्या नाकाला लावीन." तेव्हा तो कितीतरी दिवसांनी हसला.

शुक्रवारी मकलूबाचा भात जेवून दोनला पाच कमी असताना त्यांनी यंत्र खुपसलं. पडद्यावर वेळ उमटली. खलफानला निरोप आधीच गेला होता. अव्वादनं हाक मारली. पुन्हा मारली. दहा वेळा मारली. पलीकडून काही नाही. नजाह गच्चीवर जाऊन फोन बघून आली. खलफाननं लिहिलं होतं, "कोणीतरी आहे, पण वाचता येत नाही. मी बसलोय."

"संपलं," अव्वाद म्हणाला. "बंद कर. म्हाताऱ्याचे खेळ!"

पण नजाह पडद्याकडे टक लावून बसली होती. टाके मोजणारी बाई, तिचे आकडे चुकत नाहीत. "अहो, घड्याळ आत्ता मागे गेलं. तीन सेकंद."

 अव्वादनं कपाळावर हात मारून घेतला. चिप जुनी, बंद होती तोवर सगळं विसरलेली. उपग्रहांच्या आणि आपल्या घड्याळात काही सेकंदांचा फरक असतो, तो वर्षांगणिक वाढतो, आणि जागी झाल्यावर ती जुनाच फरक धरून वेळ सांगते. नवी दुरुस्ती आकाशातून हळूहळू येते, त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. बॅटरी असती तर हा घोटाळाच झाला नसता.

"म्हणजे चिप नावाचा पाहुणा अजून उंबऱ्यात उभा, आणि तुम्ही विचारताय, काय काम काढलंत?" नजाह म्हणाली. "इतकी वर्षं दारात आलेल्याला आधी कॉफी पाजली, मग विचारलं. याच्याच वेळी घाई!"

त्यानं पुन्हा हाक मारली. पंधरा सेकंद. पडद्यावर खलफानचं रेडिओवरचं ओळखचिन्ह उमटलं, पाठोपाठ तेरा अक्षरांत मावेल असा सवाल: हात कसा आहे?

अव्वादची बोटं कीबोर्डवर थबकली. अँटेनाची थाप अजून मारता आली असती. त्यानं कीबोर्ड नजाहकडे सरकवला.

"लिही, थरथरतो."

तिनं लिहिलं. पंधरा सेकंद सरले. उत्तर आलं: मग हे कोणी केलं?

"आता लिही, बायकोच्या हातानं."

"कशाला उगाच?"

"लिही म्हणतो ना. जास्तीचं एकही अक्षर नको, मावणार नाही."

ती लाजून अक्षरं मोजत राहिली, तशी एक पाळी हुकली. पुढच्या पाळीला मजकूर गेला. सूरहून उत्तर आलं, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ते अव्वादसाठी नव्हतं: त्या हाताला सलाम.

अव्वादनं तिचा हात आपल्या थरथरत्या हातात घेतला आणि धरूनच बसला.