दाराशी काढून ठेवलेलं

आमच्या लेझर लॅबमध्ये काम कमी आणि किस्से जास्त, असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. पण किस्से साठतात हे खरं, आणि तेही आत नाही, दाराशी!

कारण आतला नियम कडक. निर्वात भांड्यात तांब्याचा तुकडा असतो, त्यावर वायूचे रेणू चिकटलेले. लेझरचा एक झटका रेणू तोडतो, पाठोपाठचा दुसरा झटका रेणू तुटतानाचा क्षण टिपतो. पापणी लवायच्या कितीतरी आधी सगळं संपतं. किरण दिसत नाही. अंगठीवरून उसळून डोळ्यांत गेला, तर दृष्टी गेलीच. म्हणून अंगावरचं चकाकतं ते सगळं दाराजवळच्या डब्यात.

*

लॅबचे प्रमुख, आमचे सर. त्यांची अंगठी बोटात रुतलेली. साबण झाला, तेल झालं, निघेना. शेवटी तिच्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि तसेच घरी गेले. वहिनींनी विचारलं, "लग्नाला पट्टी बांधायची वेळ आली का हो?"

*

एकदा एक बडे पाहुणे आले. गळ्यात जाड सोनसाखळी, काढायला तयार नाहीत. आमचा टेक्निशियन इरफान हात जोडून म्हणाला, "साखळी खुशाल आत न्या, साहेब. डोळे तेवढे इथं ठेवा!"

साखळी लगेच निघाली.

*

उज्ज्वला इथं पीएचडी करते, फुलंब्रीहून रोज ये-जा. एकदा मंगळसूत्र डब्यातच विसरून बसनं घरी गेली. सकाळी तिचा नवरा संतोष तिला मोटरसायकलवर घेऊन हजर. "सर, आमचं लग्न तुमच्या डब्यात राह्यलंय!"

सर इतके हसले, की हातातला चहा सांडला.

*

तो संतोष या उन्हाळ्यात त्याच रस्त्यावर अपघातात गेला. आम्ही पार कोलमडलो. उज्ज्वलाचं शेवटचं मोजमाप अर्धं होतं. ते झालं नाही तर पीएचडी राहणार. ती परत येईल का, सासरचे येऊ देतील का, विचारायची कुणाची छाती होईना. सर एवढंच म्हणाले, "तिचा तांब्याचा तुकडा भांड्यातून कुणी बाहेर काढायचा नाही."

महिन्याभरानं ती आली. सोबत सासूबाई. गळ्यात मंगळसूत्र तसंच होतं. आम्ही माना खाली घातल्या. दाराशी तिचा हात सवयीनं गळ्याशी गेला आणि तिथंच थांबला. तिला ते काढवेना. इरफान डबा घेऊन उभा.

सासूबाई पुढं झाल्या. स्वतःच्या हातानं ते काढलं आणि मुठीत धरून बाकावर बसल्या.

"जा आत, काम कर. भाईर आलीस की मीच घालते."